पणजोबांच्या हातातली खतावणी



श्रुतपंचमीला आपण कपाटातले ग्रंथ उतरवतो, झटकतो, वारा देतो आणि नवं वेष्टन बांधून परत ठेवतो. षट्खंडागम लिहून पूर्ण झाला तो हा दिवस, म्हणून ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुताची पूजा. मला या सणाचं कौतुक वाटतं ते आणखी एका कारणासाठी. जपून ठेवणं हीसुद्धा पूजाच आहे, हे आपल्या पूर्वजांनी तिथी लावून ठरवून दिलं. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर धवला टीका शेकडो वर्षं टिकली ती अशाच जपणाऱ्या हातांमुळे. सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंदांसारख्यांनी तिच्या नकला करून घेण्यासाठी खटपट केली आणि अखेर 1939 साली प्रोफेसर हिरालाल जैन यांनी अमरावतीहून तिचा पहिला खंड छापला.

आमच्या सांगलीच्या घरात श्रुतपंचमीला आणखी एक वस्तू उतरवली जाते. सोप्यातलं तैलचित्र. माझ्या यजमानांचे पणजोबा, ज्यांना घरात सगळे थोरले आप्पा म्हणतात, त्यांचं. डोक्याला रुमाल, अंगात बंद गळ्याचा कोट, कपाळावर गंध, आणि मांडीवर काहीतरी धरलेलं. ते ‘काहीतरी’ काय आहे, हे मी लग्न होऊन आले तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं. कोणी म्हणे शास्त्र, कोणी म्हणे पानाचा डबा. चित्र इतकं काळवंडलं होतं.

आज त्या चित्राची आणि आमच्या घराच्या पतीची गोष्ट सांगते. हो, पतीची! नवऱ्याची नव्हे, पत म्हणजे बाजारातली आपली शाख, तिची. दोन्ही गोष्टी एकाच पुरात भिजल्या आणि दोन्हींना ‘दुरुस्त करून देतो’ म्हणणारी माणसं घरी आली, म्हणून एकत्र सांगते.

ऑगस्ट 2019 सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फुटांची. त्या वेळी कृष्णामाई 57 फुटांवर गेली. आमचं दुकान खाली, घर वर. चित्र घाईत उतरवलं, प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळलं, चिकटपट्टी मारली आणि माळ्यावर टाकलं. वाटलं, किती शहाणपणा केला! तीन आठवड्यांनी सोडलं तेव्हा आतून वाफ आल्यासारखा वास, कॅनव्हासच्या मागे पांढरी-हिरवी बुरशी आणि खालच्या कडेला रंगाचे पोपडे. पाणी चित्राला शिवलंही नव्हतं. प्लॅस्टिकने आतला ओलावा कोंडून ठेवला होता.

तैलचित्र म्हणजे नेमकं काय, हे मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. नंतर जे शिकले ते तुम्हाला सांगते.

आपली जुनी चित्रकला तेलाची नव्हे. ताडपत्रावरची आणि कागदावरची कल्पसूत्रातली चित्रं, भिंतीवरची चित्रं, ही सगळी पाण्यात कालवलेल्या रंगांची, डिंकासारखं काहीतरी घालून बांधलेली. तेलात रंग घोटायची पद्धत युरोपात पंधराव्या शतकात फुलली. आपल्याकडे ती गोऱ्या चित्रकारांबरोबर आली. टिली केटल 1769 साली मद्रासला उतरला. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार मुंबईहून पुण्याला आला आणि 1792 च्या सुमारास त्याने सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांचं चित्र रंगवलं. त्याच्या हाताखाली गंगाराम तांबट हा आपला माणूस तयार झाला. मग 1857 साली सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा निघाली आणि तेलरंग शाळेत शिकवला जाऊ लागला. तिकडे त्रावणकोरात 1848 साली जन्मलेले राजा रविवर्मा राजवाड्यात आलेल्या युरोपीय चित्रकाराचं काम बघून बघून शिकले, बडोद्याच्या महाराजांसाठी पुराणातले प्रसंग रंगवले आणि 1894 साली मुंबईत छापखाना काढला. त्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. पण त्या छापील तसबिरी. खरं तैलचित्र राजवाड्यात, वाड्यात आणि थोड्या व्यापाऱ्यांच्या सोप्यात.

आमच्या भागाला चित्रकारांची कमी नव्हती, ती कोल्हापूरमुळे. शाहू महाराजांच्या आश्रयाला आबालाल रहिमान होते. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता पुढे सिनेमाकडे वळले. आनंदराव 1916 सालीच गेले, पण बाबूरावांनी 1920 साली ‘सैरंध्री’ काढला. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या हातांना माणसाचं चित्रही येत असे. फोटो दिला की त्यावरून मोठं तैलचित्र करून मिळे. आमचं चित्र अशाच कोणा कोल्हापूरच्या चित्रकाराचं. सही आहे, पण वाचता येत नाही. ज्यांना त्या काळचं उत्तम काम बघायचं असेल त्यांनी औंधचं श्री भवानी संग्रहालय एकदा मुलांना घेऊन जाऊन बघाच. संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी 1938 साली ते उभं केलं.

आता हे चित्र बनतं कसं? तळाशी कापड, बहुधा तागाचं किंवा सुती. त्यावर सरसाचा हात. हा सरस जनावराच्या कातड्या-हाडांचा, हे कळलं तेव्हा मी जरा गप्पच झाले. शंभर वर्षं तो आपल्या सोप्यात होता आणि आपल्याला पत्ता नव्हता! असो. त्या सरसावर पांढरा थर, त्यावर जवसाच्या तेलात घोटलेले रंग आणि सगळ्यात वर राळेचं व्हार्निश. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं, वर्षानुवर्षं होत राहतं. म्हणून जुना रंग कडक आणि ठिसूळ. खालचं कापड मात्र पावसाळ्यात ओढतं, उन्हाळ्यात सैल होतं. कापड हलतं, रंग हलू शकत नाही, म्हणून तडे. आणि वरचं व्हार्निश जसं जुनं होतं तसं पिवळं, मग तपकिरी होतं. त्यावर आपल्या निरांजनाची आणि धुपाची काजळी बसली, की पांढरा रुमालही खाकी दिसायला लागतो.

पुरानंतर एक फ्रेमवाला घरी आला. चित्र बघून म्हणाला, “काकू, दोन दिवसांत नवं करून देतो. आरशासारखं चमकेल.” साडेतीन हजार घेतले. बुरशी ओल्या फडक्याने पुसली, सगळीकडे जवसाचं तेल चोळलं आणि जिथे पोपडे गेले होते तिथे डब्यातला तपकिरी रंग भरला. मांडीवरचं ते ‘काहीतरी’ त्याने सरळ कोटाच्या रंगात मिळवून टाकलं. आप्पांचा हात आता रिकामाच मांडीवर. पण चित्र खरंच चमकत होतं! आम्ही खूश झालो. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “आप्पांचा चेहरा परका वाटतोय गं.”

सहा महिन्यांत ते तेल चिकट झालं, धूळ धरून बसलं आणि चित्र आधीपेक्षा काळं पडलं.

आता दुसरी गोष्ट. दुकानावर बँकेचं कर्ज होतं. पुरात माल गेला, पुढच्या वर्षी टाळेबंदी आली. हप्ते थकले. 2021 साली बँकेने एकरकमी तडजोड देऊ केली. 1,40,000 रुपये सोडून दिले आणि खातं मिटवलं. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. ‘मिटलं’ आणि ‘फिटलं’ यात फरक असतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

तो फरक 2023 साली कळला. मुलीला पुण्यात फार्मसीला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जात वडील सहकर्जदार. बँकेतल्या बाईंनी संगणकात बघून मान हलवली. यजमानांचा सिबिल स्कोअर 612. पुढे शेरा, ‘सेटल्ड’. आणि धक्का पुढेच होता. त्या दुकानाच्या कर्जावर सहकर्जदार म्हणून माझीही सही होती. म्हणजे तो डाग माझ्याही नावावर. मी आयुष्यात एक रुपया उधार घेतला नाही असं अभिमानाने सांगत फिरत होते!

पत म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्या आपण वह्यांवर जगलो. रोज रोजकीर्द लिहायची, तिच्यावरून प्रत्येकाच्या नावाची खतावणी, पाडव्याला नव्या वहीची पूजा. हुंडी चालायची ती कागदाच्या बळावर नाही, नावाच्या बळावर. पण या इतिहासाची एक बाजू आपण मुलांना सांगत नाही, ती मी इथे सांगणार आहे.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. त्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली. त्यांना हवे होते ते मुख्यतः कागद. कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरला. ते सावकार बहुतेक मारवाडी आणि गुजराती, आणि त्यांत काही आपल्याच धर्माचे होते. सगळेच लबाड होते असं मी म्हणत नाही. पण ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा घ्यायचा आणि आकडा आपण लिहायचा, असं होत होतं, हे चौकशीत पुढे आलं. वही आपल्या हातात होती, आणि ज्याच्या नावाची ती होती त्याला तीत डोकावता येत नव्हतं.

यातून 1879 साली डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट रिलीफ ॲक्ट आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी. त्यात शेतकरी ऋणकोला हक्क मिळाला की पैसे भरले की पावती मागावी, वर्षातून एकदा आपल्या खात्याचा उतारा मागावा, पासबुकात हिशेब लिहून घ्यावा. कोर्टालाही रोख्यावरचा आकडा डोळे मिटून न मानता मागचा सगळा व्यवहार तपासता येऊ लागला. पुढे 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. 1905 साली धारवाडकडच्या कणगिनहाळला पतसंस्था निघाली आणि मग आपल्या भागात गावोगाव ‘पत’ हा शब्द पाटीवर आला.

आजची वही आहे क्रेडिट रिपोर्ट. सिबिल ही संस्था 2000 साली निघाली, 2005 साली अशा कंपन्यांसाठी कायदा झाला. आज सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आपली खतावणी ठेवतात. गुण 300 ते 900. आणि 1879 च्या त्या शेतकऱ्यासारखाच आपल्यालाही हक्क आहे. चारही कंपन्यांकडून प्रत्येकी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आपण मागतच नाही, ही गोष्ट वेगळी.

आम्हीही मागितला नाही. आम्ही माणूस शोधला. मोबाईलवर जाहिरात आली होती, ‘30 दिवसांत स्कोअर 750, शेरा कायमचा काढून मिळेल’. वीस हजार फी, निम्मी आधी. फोनवरचा मुलगा गोड बोलत होता, “ताई, बँकेत आपली ओळख आहे.” यजमानांनी दहा हजार पाठवले. मग त्याने पॅन मागितलं, आधार मागितलं, ईमेलचा पासवर्ड मागितला, ओटीपी मागितला. आमच्या नावाने रिपोर्टातल्या सगळ्या नोंदींवर, खऱ्या-खोट्या सरसकट, तक्रारी ठोकल्या. बँकेने नोंदी खऱ्या आहेत असं कळवलं आणि त्या तशाच राहिल्या. राहणारच होत्या. कारण रिपोर्ट ठेवणारी कंपनी आपल्या मनाने आकडा बदलू शकत नाही, ज्या बँकेने नोंद पाठवली तिनेच ती सुधारून पाठवावी लागते. मग मधला माणूस पैसे कशाचे घेतो? जो अर्ज आपण घरी बसून फुकट करू शकतो, त्याचे. आणि त्याने भागलं नाही, तर पुढच्या गोष्टीचे.

ती पुढची गोष्ट एका संध्याकाळी ईमेलवर आली. आमच्या बँकेच्या नावाचा कागद, खाली शिक्का, मजकूर असा की कर्ज पूर्ण फिटलं आहे, काही येणं बाकी नाही. “साहेबांची सही घेऊन परत पाठवा, मुलीचं कर्ज करून टाकू.” प्रवेशाची फी भरायला चार दिवस उरले होते.

यजमानांनी पेन उचललं होतं, हे मी लपवणार नाही. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. बाप होता तो, चार दिवसांवर आलेला.

स्वाध्यायाच्या वर्गात आम्ही तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय करत होतो. श्रावकाच्या सत्याणुव्रताचे पाच अतिचार. त्यातला एक शब्द, कूटलेखक्रिया. खोटा लेख करणं. मी तो पाठ करून म्हणत होते, अर्थही सांगत होते. पण तो असा शिक्क्यासकट जेवणाच्या टेबलावर येऊन पडेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, “अहो, ही सही नको.” ते म्हणाले, “मग फी?” मी आत गेले आणि पाटल्या काढून आणल्या. दुसऱ्या दिवशी त्या बँकेत तारण ठेवल्या, फी भरली. दहा हजार बुडाले ते बुडाले. पासवर्ड बदलले. तो नंबर पुन्हा लागला नाही.

अशा धंद्यांचा इतिहास अमेरिकेत जुना आहे. तिथे लोक इतके फसले की 1996 साली खास कायदा करावा लागला. काम पूर्ण होण्याआधी पैसे घ्यायचे नाहीत आणि करार केल्यावर तीन दिवसांत गिऱ्हाइकाला तो मोडता आला पाहिजे. आपण तेवढं एक वाक्य पदराला बांधून ठेवावं. जो खरी नोंद पुसून देतो म्हणतो आणि आधी पैसे मागतो, त्याला दारातूनच जय जिनेंद्र.

त्याच हिवाळ्यात मुंबईच्या एका चित्रसंवर्धन करणाऱ्या ताई ओळखीतून सांगलीला आल्या होत्या. त्यांना आप्पांचं चित्र दाखवलं. त्यांनी खोली अंधारी करून जांभळ्या किरणांचा दिवा चित्रावर धरला. जुनं व्हार्निश हिरवट उजळलं आणि फ्रेमवाल्याने भरलेला रंग काळ्या ठिगळांसारखा उठून दिसला. मांडीवर तर मोठं ठिगळ. त्या म्हणाल्या, “खाली मूळ रंग आहे. काढता येईल, पण सावकाश.”

चित्र चार महिने मुंबईला होतं. त्यांच्या कामाचे नियम ऐकून मी थक्क झाले. आधी फोटो काढायचे, काय बिघडलंय ते लिहून ठेवायचं. मूळ रंगावर कधी रंगवायचं नाही, जिथे रंग गेलाय तेवढंच छिद्र भरायचं. आणि भरलेला रंग असा हवा की उद्या कोणाला काढायचा झाला तर मूळाला धक्का न लावता निघाला पाहिजे. केलेलं प्रत्येक काम कागदावर. मला आमच्या दुकानाच्या वह्या आठवल्या. जुन्या वहीत खाडाखोड चालत नसे. चूक झाली तर ती तशीच वाचता येईल अशी ठेवायची आणि खाली उलटी नोंद घालून दुरुस्त करायची. खोडलेली वही कोर्टात उभी राहत नाही.

आम्ही पतीच्या बाबतीत तेच केलं. रिपोर्ट मागवला, दोघांचाही. वाचताना एक खरी चूक सापडली. 2018 साली फेडलेलं सोनेतारण कर्ज अजून चालू दाखवत होतं. त्याची तक्रार फुकट केली, पावती जोडली, महिन्याच्या आत नोंद दुरुस्त झाली. एप्रिल 2024 पासून नियमच आहे, तक्रार 30 दिवसांत निकालात निघाली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई. आणि ‘सेटल्ड’चा शेरा खरा होता, म्हणून बँकेत जाऊन विचारलं, सोडलेले 1,40,000 आम्ही भरले तर? साहेब आधी चकित झाले. मग वरून मंजुरी आणली. चौदा महिन्यांत भरले. बँकेने दाखला दिला, खरा, आणि नोंद सुधारून पाठवली. यंदा यजमानांचा स्कोअर 731 आहे. पाटल्या परत हातात आहेत.

आता कामाच्या गोष्टी थोडक्यात.

चित्र देवघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीला लावू नका, काजळी आणि वाफ बसते. पावसाचा मारा लागणारी बाहेरची भिंतही नको. समोरून ऊन नको. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत मागे बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंतीमागे हवा खेळेल. ओल नसली की बुरशी धरत नाही, कसर लागत नाही, आणि मग औषध फवारून जीव मारायची वेळच येत नाही. आपल्याला हेच हवं ना? धूळ झटकायला फडकं नको, ओलं तर मुळीच नको, पिसांचा झाडूही नको, पिसं पोपड्यांत अडकतात. मऊ, कोरडा, रुंद ब्रश घ्या. केसांचा नको असेल तर नायलॉनचा मऊ मिळतो. वरून खाली, हलक्या हाताने, आणि रंग सुटत असेल तर तोही नाही. बटाट्याची फोड चोळा, कांदा चोळा, पावाचा गोळा फिरवा, असे उपाय फिरत असतात. आपल्या घरी बटाटा-कांदा येतच नाही, हा एक फायदाच म्हणायचा! त्याचा रस चित्रावर राहतो आणि बुरशीला जेवण होतं. तेल आणि पॉलिश कधी नाही. हलवायचं झालं तर धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. गुंडाळी करायचीच वेळ आली तर रंग बाहेरच्या बाजूला ठेवून रुंद नळीवर. आणि दुरुस्तीला देताना पहिला प्रश्न विचारा, तुम्ही केलेलं काम पुढे काढता येईल का? लिहून देणार का?

पतीसाठी, वर्षातून एकदा स्वतःच्या नावाचा रिपोर्ट स्वतः मागवा. श्रुतपंचमीलाच मागवा, लक्षात राहील. नवऱ्याच्या, दिराच्या, भावाच्या कर्जाला सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही केली असेल तर ते कर्ज तुमच्याही खतावणीत आहे. बँक तडजोड देत असेल तर ‘सेटल्ड’ लिहिणार की ‘क्लोज्ड’, हे आधी विचारा. ओटीपी आणि पासवर्ड कोणालाही नाही. बँक ऐकत नसेल, रिपोर्टवाली कंपनी ऐकत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते आणि तिलाही पैसे पडत नाहीत.

आणि आप्पांच्या मांडीवर काय होतं, ते सांगायचं राहिलंच. चित्र परत आलं तेव्हा सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, दोरीने बांधलेली खतावणी. शास्त्र नव्हे, पानाचा डबा नव्हे. उघडी वही, आणि तिचं तोंड बघणाऱ्याकडे. जणू म्हणताहेत, या, वाचा.

मग मला राहवलं नाही. माळ्यावरच्या जुन्या वह्या पुरातून वाचल्या होत्या. मोडी वाचणाऱ्या एका गुरुजींना बोलावलं. 1927 सालची वही निघाली. हळदीच्या अडतीचे व्यवहार, हरिपूरच्या पेवांचं भाडं, आणि एका पानावर, ‘तसबीर, कोल्हापूर’. ठरले रुपये 40. दिले रुपये 25. पुढे बाकी 15. ती बाकी पुढच्या पानावर, त्याच्या पुढच्या पानावर, अशी पाच महिने ओढत आणलेली. त्या वर्षी हळदीचा भाव पडला होता असं गुरुजी आसपासच्या नोंदींवरून म्हणाले. मग एका ओळीत, दिले रुपये 15, बाकी नाही.

ज्या माणसाच्या नावाने घरात आजवर ‘आप्पांनी कधी कोणाचं थकवलं नाही’ असं सांगितलं गेलं, त्याच्या स्वतःच्या तसबिरीचे पैसे पाच महिने थकले होते. आणि त्याने ते स्वतःच्या हाताने, महिन्यामागून महिना, लिहून ठेवले होते.

गुरुजींनी ते वाचून दाखवलं तेव्हा यजमान जवळच बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून सोप्यात गेले आणि चित्राच्या मागचे बुचाचे तुकडे नीट बसलेत का, ते बघत उभे राहिले.

जय जिनेंद्र.